ऱ्होनमध्ये लोटलेली राख

इ.स. 177. फ्रान्समधलं आजचं ल्यों तेव्हा लुग्दुनम होतं: ऱ्होन आणि सोन या नद्यांच्या संगमाजवळचं, रोमन गॉलमधलं मातब्बर शहर. तिथल्या ख्रिस्ती लोकांना आधी स्नानगृहांत आणि बाजारात मज्जाव झाला, मग दगडफेक, मग धरपकड. हे लोक मुलं मारून खातात, अशी आवई उठली होती. बिब्लिस नावाच्या बाईने भीतीपोटी श्रद्धा नाकारली होती, म्हणून तिच्याच तोंडून ही कबुली काढायचं ठरलं. पण छळ सुरू होताच ती उलटली. जनावराचं रक्तसुद्धा वर्ज्य मानणारे मुलं कशी खातील, असा सवाल तिने केला. वकिलालाही सुचू नये असा बचाव!

नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस मारहाणीनंतर दोन दिवसांत तुरुंगातच वारले. ब्लांदिना ही गुलाम मुलगी अंगाने किरकोळ. ती टिकणार नाही, असं तिच्या मालकिणीलाही वाटत होतं. छळणारे पहाटेपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीने राबले आणि तेच थकले. शेवटी जाळ्यात गुंडाळून तिला आखाड्यात बैलापुढे टाकलं.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

प्रेतं सहा दिवस उघड्यावर पडली होती. भोवती पहारा, रात्री कोणी दफनासाठी न्यायला आलं, पैसे देऊ केले, तरी पहारेकरी बधले नाहीत. मग सगळं जाळून राख ऱ्होनमध्ये लोटली. आपल्याकडे अस्थिविसर्जन म्हणजे मृताला सद्गती. लुग्दुनममध्ये मात्र राख नदीत गेली ती सूड म्हणून. याच ख्रिस्ती लोकांनी मेलेले देहासकट उठतील असं सांगितलं होतं, त्या आशेवर ते मरणाला हसत होते. आता उठून दाखवा म्हणावं! विरोधकांना ही शिकवण किती नेमकी कळली होती, हे या खटाटोपातूनच दिसतं.

वाचलेल्यांनी हा अपमानही लपवला नाही. आशिया या रोमन प्रांतातल्या आणि फ्रिगियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना धाडलेल्या पत्रात त्यांनी तो तपशिलाने लिहिला. पुढे चौथ्या शतकात ख्रिस्ती इतिहासकार युसेबियसने त्या पत्रातले लांबलचक उतारे आपल्या इतिहासात घेतले, म्हणून ते टिकले. ही एकाच बाजूची कैफियत आहे, हे खरं. पण हरल्याचा सूर तिच्यात नाही.

पोथिनसनंतर बिशप झालेल्या इरेनियसने पाखंड-खंडनाच्या ग्रंथात देहाच्याच पुनरुत्थानाचा मुद्दा लावून धरला. ज्याने माणूस मुळात मातीतून घडवला, त्याला मातीत मिसळलेला देह पुन्हा उभा करणं त्याहून सोपंच, असा त्याचा युक्तिवाद होता. हे लिहिणारा बसला होता त्याच ऱ्होनच्या काठी.