एका स्क्रूचा इतिहास: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि सुपरहीट

आजचा एपिसोड एका स्क्रूवर आहे. कोल्ड रूममध्ये, पंख्यामागच्या कॉइलपाशी एक मुठीएवढा पितळी व्हॉल्व्ह असतो. त्याला एक स्क्रू असतो, आणि तो कुठल्या बाजूला फिरवला की काय होतं, हा लायसन्सच्या परीक्षेतला आवडता प्रश्न.

माझा मावसभाऊ ब्रॅम्प्टनला असतो, ऑंटारिओच्या ३१३-ए परीक्षेला बसतोय. तिकडे या ट्रेडला लायसन्स सक्तीचं, आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. त्याचं म्हणणं, "दादा, व्याख्या पाठ आहे रे, पण प्रश्न फिरवून विचारला की गाडी अडते." मी कोड लिहिणारा माणूस, गेज लावून पोट भरत नाही. पण हा व्हॉल्व्ह का जन्माला आला हे एकदा वाचलं की पाठांतर बरंच कमी होतं, म्हणून आज इतिहासाच्या वाटेनं जाऊया.

मूळ अडचण साधी आहे. इव्हॅपोरेटरमध्ये द्रव रेफ्रिजरंट शिरतं, उकळतं, उष्णता ओढून घेतं आणि वायू होऊन कॉम्प्रेसरकडे जातं. द्रव कमी सोडला तर अर्धी कॉइल नुसतीच पडून राहते. जास्त सोडला तर न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह तुटतात, बेअरिंगवरचं तेल धुऊन जातं. मग किती सोडायचा?

अमोनियाच्या जुन्या बर्फ कारखान्यांत याचं उत्तर म्हणजे एक माणूस. पाइपवर बर्फ कुठपर्यंत चढलाय ते बघायचं आणि हातानं व्हॉल्व्ह कमीजास्त करायचा. कारखान्यात हे चालून गेलं. पण घरगुती फ्रिज आणि दुकानातली कपाटं आली, तिथं रात्रभर कोण बसणार? म्हणून दाबावर चालणारा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह आला. इव्हॅपोरेटरमधला दाब कायम ठेवायचा, एवढंच त्याचं काम.

इथं जरा थांबा, कारण मला सगळ्यात मजेशीर भाग हा वाटतो. कपाटात गरम माल भरला की रेफ्रिजरंट जोरात उकळतं, दाब वाढतो. व्हॉल्व्हला वाटतं दाब जास्त झाला, तो बंद होतो. म्हणजे गरज वाढली की पुरवठा बंद! आणि माल गार झाला की दाब पडतो, व्हॉल्व्ह उघडतो, नको असलेला द्रव कॉम्प्रेसरच्या दिशेनं. आमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप बरोबर चालतोय, पण मोजतोय भलतीच गोष्ट.

मोजायची खरी गोष्ट सापडली ती डेट्रॉइटमध्ये. युनिव्हर्सल कूलर कंपनीतल्या हॅरी थॉम्पसन यांचं नाव थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या १९२७च्या पेटंटशी जोडलं जातं. कल्पना अशी: कॉइलच्या तोंडाशी, बाहेर पडणाऱ्या पाइपला एक बल्ब बांधायचा. सगळा द्रव उकळून संपल्यावर वायू आणखी किती अंश तापला, ते त्या बल्बला कळतं. हे जास्तीचे अंश म्हणजेच सुपरहीट. बल्बचा दाब व्हॉल्व्ह उघडतो. इव्हॅपोरेटरचा दाब आणि स्प्रिंग मिळून तो बंद करतात. तिघांचा तोल, ना वीज ना सर्किट.

आता परीक्षेतले निम्मे प्रश्न स्वतःच सोडवून बघा. स्क्रू आत फिरवला, स्प्रिंग दाबली गेली, तर? बंद करणारा जोर वाढला, द्रव कमी, सुपरहीट वाढलं. बल्बमधला गॅस गळून गेला? उघडणारा जोरच गेला, व्हॉल्व्ह बंद, कॉइल उपाशी. बल्ब पाइपवरून सुटून गरम हवेत लोंबकळतोय? त्याला वाटतं सुपरहीट भरपूर आहे, तो उघडतच जातो.

हिशोबही सोपा. आर-१३४ए, सक्शन गेज १.९ बार, तक्त्यात त्याचं उकळबिंदू तापमान साधारण ० अंश. पाइप ६ अंशांवर, तर सुपरहीट ६. पण कॉइल लांब असेल आणि वाटेत ०.३ बार दाब पडत असेल, तर बाहेरच्या टोकाला उकळबिंदू उणे ३ होतो. आतला, म्हणजे कॉइलच्या सुरुवातीचा दाब बघणारा व्हॉल्व्ह पाइप ६ अंशांवरच राखणार, आणि खरं सुपरहीट होणार ९. एक्स्टर्नल इक्वलायझरची ती बारीक नळी यासाठीच असते. ती बाहेरच्या टोकाचा दाब व्हॉल्व्हला सांगते.

युरोपकडे धावतं वळूया. डेन्मार्कच्या आल्स बेटावर मॅड्स क्लाउसेन यांनी १९३३ साली आईवडिलांच्या शेतघरात कंपनी काढली, सुरुवातीचा माल हाच व्हॉल्व्ह. तीच आजची डॅनफॉस.

स्क्रूला हात लावण्याआधी मात्र बल्ब घट्ट बसलाय का, कॉइलवर बर्फ चढलाय का, गॅस पुरेसा आहे का, हे बघायचंच. मग पाव फेरा, आणि सिस्टिम स्थिर होईपर्यंत थांबायचं. घाईत फिरवत राहिलात तर व्हॉल्व्ह कधी जास्त उघडतो, कधी जास्त मिटतो. याला हंटिंग म्हणतात. सुपरहीट फार कमी ठेवलं तरी हेच होतं.

आणि एक आधुनिक खोच. आर-१२ होतं तोवर एका दाबाला एकच उकळबिंदू. माँट्रियल कराराच्या (१९८७) परिणामी ते गेलं आणि पुढे मिश्र रेफ्रिजरंटं आली. आर-४०७सीच्या तक्त्यात एकाच दाबाला दोन तापमानं दिसतात, बबल आणि ड्यू, मध्ये सहाएक अंशांचा फरक. सुपरहीटला ड्यू घ्यायचं. चुकून बबल घेतलं तर खरं ६ असलेलं सुपरहीट १२ दिसतं, मेकॅनिक स्क्रू सैल करतो, आणि द्रव निघतो थेट कॉम्प्रेसरकडे.