घरगुती जेवण मिळेल

राजगड जागतिक वारसा यादीत गेला (११ जुलै २०२५), तेव्हापासून आमच्या इकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाद धुमसतोय. गडावर आणि गडाच्या पायथ्याला खायला-प्यायला विकू द्यायचं की नाही? एक बाजू म्हणते, गड म्हणजे चौपाटी नव्हे, सगळ्या टपऱ्या उचला. दुसरी म्हणते, तुम्ही पुण्यातून गाडी घेऊन येणार आणि आमच्या बाईनं डोक्यावरून ताक वर नेलं की तुमच्या पोटात दुखणार. दोन्हीकडची माणसं ओळखीची, त्यामुळे ग्रुपवर गप्प बसलो. इथे सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. पाली म्हटलं की बहुतेकांना बल्लाळेश्वराची पाली आठवते. मी बोलतोय ती आमच्या वेल्ह्याकडची, राजगडाच्या पायथ्याची पाली. गडाचा पाली दरवाजा तिच्याच नावाचा. गुंजवण्याकडून चोर दरवाज्याची चढण अंगावर येते, पालीकडची वाट मात्र पायऱ्यांची आणि रुंद. गडाचा राजमार्गच तो. म्हणजे राजधानीत येणारा-जाणारा माणूस, घोडं, धान्याचं ओझं या अंगानं वर चढत असणार.

आता वादाकडे. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की गडाखाली अन्न विकणं ही पर्यटनामुळे आलेली कालपरवाची भानगड आहे. राजगड पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी होता. एवढ्या माणसांचं पोट काय वर उगवलेल्या कारवीवर भरत होतं? गडाच्या घेऱ्यातल्या गावांशिवाय गड एक दिवस चालत नसतो. शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या छावणीला गेलेलं पत्र अनेकांनी वाचलं असेल. त्यात बजावलेलं सोप्या भाषेत एवढंच, की वैरण, दाणा, लाकूडफाटा, भाजी जे लागेल ते रोख पैसे देऊन बाजारातून घ्या, रयतेला ओरबाडू नका. आपण ते पत्र स्टेटसला ठेवतो आणि गडावर जाऊन वीस रुपयांच्या ताकासाठी घासाघीस करतो, ते एक असो.

मला जास्त रस आहे तो पालीसारख्या गावांत घराच्या भिंतीवर, पत्र्यावर नाहीतर झाडाला टांगलेल्या एका पाटीत. ‘घरगुती जेवण मिळेल.’ खाली आडनाव, खाली मोबाईल नंबर. यातला ‘घरगुती’ हा शब्द इतका विकला का जातो? त्याचं उत्तर शोधायला जरा पुण्या-मुंबईकडे जावं लागेल.

१८९० सालचा ऑक्टोबर. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावलं गेलं. कार्यक्रम झाला, चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्याला, कुणी नुसता कप हातात घेतला. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि पुण्यात वणवा पेटला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, बहिष्काराची भाषा झाली, पुढे प्रायश्चित्तं घेतली गेली. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेल्या रानड्यांसारख्यांची ही गत. एका कप चहावरून.

साधारण त्याच वर्षी मुंबईत महादेव हावजी बच्चे यांनी डबे पोचवायचा धंदा सुरू केला असं डबेवाल्यांच्या संघटनेत सांगितलं जातं. पुण्यातलं भांडण आणि मुंबईतले डबे, दोन्हींमागे एकच भीती उभी आहे. बाहेरचं अन्न म्हणजे कुणाच्या हातचं, कळत नाही. घरचं म्हणजे आपल्या माणसाच्या हातचं, आपल्या जातीतलं, विटाळ नसलेलं. आज आपण ‘घरगुती’ म्हणजे कमी तेलकट, पोटाला बरं असा अर्थ घेतो. शब्दाच्या तळाशी अजून तो जुना गाळ आहे.

हॉटेल हा प्रकार या भीतीला छेद देत आला. इराण्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यावर दुकानं थाटली. आपलं डेक्कनचं गुडलक १९३५ चं. संगमरवरी टेबलावर कोण बसलंय हे इराण्याला विचारायचं नव्हतं, त्याला गल्ल्याशी मतलब. पण सगळीकडे गुडलक नव्हतं. कोल्हापूरचा किस्सा माझ्या मते शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरात हवा. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत कामाला. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामला पैसे देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींच्या हातातही कप द्यायचे. आता राजानं दिलेला चहा नाही कसा म्हणणार! प्रबोधन असंही करता येतं.

पुढे राज्यघटना आली. कलम १५ मध्ये दुकानं, विहिरी, रस्ते यांच्यासोबत उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जातीवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही असं देशाच्या घटनेत लिहावं लागलं, यावरून दुखणं किती खोल होतं ते कळतं. १९५५ मध्ये अस्पृश्यतेचा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हॉटेलाच्या बाहेर वेगळा कप खुंटीला राहिला. वरून चहा ओतायचा, पिणाऱ्यानं आपला आपण विसळून ठेवायचा. हे ऐकीव नाही, दलित आत्मकथनांत पानोपानी आहे.

आमच्या भागातलं हॉटेल म्हणजे काय, हेही सांगायला हवं, नाहीतर शहरातल्या वाचकाला एसी आणि मेनूकार्ड दिसेल. एसटी थांब्याजवळ पत्र्याची शेड, दोन बाकडी, बरणीत फरसाण, कढईत भजी, सकाळी मिसळ आणि दिवसभर उकळून काळा पडलेला चहा. नसरापूर, मार्गासनी, विंझर, वेल्हे, सगळीकडे हाच नमुना. तिथे पुरुष बसतात. पेपर तिथेच वाचला जातो, ग्रामपंचायत तिथेच फुटते. मला निम्म्या बातम्या अशा बाकड्यांवर मिळाल्यात. बाई मात्र त्या बाकड्यावर बसलेली तुम्हाला क्वचित दिसेल. आतमध्ये भांडी घासताना, कांदा चिरताना दिसेल.

म्हणून गडाखालची पाटी वेगळी. तिथे धंदाच बाईचा. आम्ही कॉलेजात असताना, नव्वदच्या दशकाच्या अखेरीला राजगडला यायचो तेव्हा पाट्या जवळपास नव्हत्याच. मंदिरात नाहीतर कुणाच्या पडवीत झोपायचं. सकाळी त्या घरची मावशी विचारायची, "पोरांनो, भाकरी टाकू का?" पिठलं, ठेचा, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पावसाळ्यात खेकडे. निघताना पैसे पुढे केले की अवघडायची. "द्या काय द्यायचं ते," म्हणायची. अन्नाचे पैसे घेणं तिला पाप वाटायचं आणि आम्हाला ते सोयीचं होतं. आता ती ताटाचा भाव ठणकावून सांगते, आधी फोन करा, माणसं किती ते सांगा म्हणते. काही जुन्या ट्रेकरांना यात ‘गावपण गेलं’ असं दुःख होतं. मला होत नाही. इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, चुलीपुढे धुरात बसणाऱ्या बाईनं फुकट का रांधावं? मॅगीचंही तेच. १९८३ ला भारतात आलेली ही शेवई गडाच्या पायथ्याला पोचली ती गिऱ्हाइकानं मागितली म्हणून. पोरं भाकरी नको म्हणतात, मॅगी मागतात आणि परत जाऊन ‘गडांवर मॅगी कशाला’ अशी पोस्ट टाकतात. पाकिटांचा कचरा हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर कडक नियम हवेतच. पण पाकीट फाडणारा हात कुणाचा, तेही बघा.

आता मुद्दा. ‘घरगुती’ या शब्दानं तिचा धंदा चालतो आणि त्याच शब्दामागे ती अदृश्यही होते. सरकारदरबारी घरगुती म्हणजे धंदा नव्हे. विजेचा मीटर घरगुती वेगळा, व्यावसायिक वेगळा. गॅसची टाकी घरगुती १४.२ किलोची, व्यावसायिक १९ किलोची. ती यातली नक्की कोण? शनिवार-रविवारी चाळीस माणसं जेवू घालते तेव्हा हॉटेल, आणि कर्ज मागायला बँकेत जाते तेव्हा गृहिणी. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा आहे, पण तो महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींपुरता. पालीच्या बाईला त्याचा उपयोग शून्य. अन्नसुरक्षा कायद्याखाली छोट्या विक्रेत्याला नोंदणी करता येते, ती किती जणींनी केलीय हे प्रत्येक ग्रामपंचायतीनं विचारून बघावं. राज्याचं ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं, त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. छान. पण त्यासाठी व्यवसाय कागदावर बाईच्या नावावर लागतो. पाटीवर आडनाव आहे, नंबर मुलाचा आहे, सातबारा सासऱ्याचा आहे.

हा पेच सुटू शकतो, कारण महाराष्ट्रात एकदा सुटलाय. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून गेलेल्या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस जणांचं रांधायचं. संपात कामगाराचा पगार थांबला तरी ताट थांबायचं नाही, उधारीवर चालायचं, आणि किराणा भरायला ती सावकाराकडे जायची. त्यांनाही कुणी धंदेवाल्या समजत नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, या बायकांना एकत्र आणून राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात नेलं. तारण काय, तर एकमेकींची हमी. बँकेच्या वहीत त्यांचं नाव चढलं ते त्यांच्या स्वतःच्या कामावर. आपल्याकडे बचत गट गावोगाव आहेत, हिशोब ठेवायची सवय आहे. गडाखालच्या जेवणाचा धंदा गटाच्या नावावर का येत नाही, हे मी पंचायत समितीच्या बैठकीबाहेर दोन-तीनदा विचारलं. उत्तर असं, की "त्या घरच्या घरी करतात ना." पुन्हा तोच शब्द!

घाई का, तर २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणं काढायचा आदेश काढला, ३१ मे ही मुदत दिली. सिंहगडावर कारवाई आपण पाहिली. पक्की बांधकामं निघाली याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. राजगड राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे, त्यावर आता युनेस्कोची नजर. व्यवस्थापनाचे आराखडे होतील, वाहनतळ, माहिती केंद्र, उपाहारगृह असे चौकोन नकाशावर येतील. उपाहारगृहाचा चौकोन आला की निविदा येते. निविदेला अनामत रक्कम लागते, अनुभवाचा दाखला लागतो. वीस वर्षं भाकरी थापल्याचा दाखला कोण देतं? मग ठेका पुण्यातला कुणीतरी घेणार आणि मावशी तिथे रोजानं भाकऱ्या थापणार. तालुक्यात जमिनींचं जे झालं तेच. शेतघराचा मालक पुण्याचा, गेटवर बसलेला मूळ जमीनमालकाचा पोरगा.

एक गोष्ट मात्र वादातल्या दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे माझ्याच बाजूलाही, विचारायला हवी. गडाखालच्या कुठल्याही गावात जा आणि पाट्या मोजा. वाटेच्या तोंडाला, मूळ गावठाणात किती आणि वस्तीत, पूर्वीच्या गावकुसाबाहेर किती? पाटीवरचं आडनाव वाचून पुढच्या घरी जाणारं गिऱ्हाईक अजून आहे, हे मला बायकांनीच सांगितलंय. स्थानिकांना रोजगार म्हणताना त्या स्थानिकांत कोण कोण धरायचं, हे ग्रामसभेत ठरलं पाहिजे, आणि त्या ग्रामसभेत बायका मागे पदर घेऊन उभ्या न राहता बोलल्या पाहिजेत. आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा मी तारीख इथे टाकीनच. लेखी द्या, पोच घ्या, तोंडी बोललेलं कुठेही धरत नाहीत.

तोवर एक काम करतोय. पाली, वाजेघर, गुंजवणे, भुतोंडे या बाजूंना २००० सालाच्या आधी ट्रेकर मंडळींना जेवू घालणारी घरं कोणती होती, याची यादी. तुमच्याकडे जुने फोटो असतील, डायरीत "अमुक घरी जेवलो, इतके दिले" अशी नोंद असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. त्या बाईचं नाव माहीत असेल तर तिचंच लिहा, ‘अमक्याची आई’ नको. परवानगी विचारल्याशिवाय कुणाचंही नाव छापणार नाही.