सुप्रीम्सची उमेदवारी

ऑगस्ट १९६४ मध्ये ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि डायना रॉस, मेरी विल्सन, फ्लॉरेन्स बॅलर्ड ही नावं घरोघरी पोचली. सुप्रीम्सची हकीकत सहसा इथूनच सांगायला घेतात. पण त्याआधीच्या तीन वर्षांत मोटाउन कंपनीने या मुलींच्या आठ तबकड्या बाजारात आणल्या होत्या. त्यांतली एक वगळली, तर कुठलीही पहिल्या सत्तरांत आली नाही. कंपनीतलीच माणसं त्यांना ‘नो-हिट सुप्रीम्स’ म्हणू लागली होती, आणि लिहिणाऱ्यांनीही हा काळ बहुधा चार ओळींत उरकला आहे. मला तो उरकावासा वाटत नाही. सुप्रीम्सचा म्हणून जो आवाज जगाने ओळखला तो याच तबकड्यांत घडला, आणि घडताना त्यातून काय वगळलं गेलं तेही इथेच ऐकायला मिळतं.

गट जमला तो १९५९ मध्ये, डेट्रॉइटच्या ब्रूस्टर वसाहतीच्या परिसरात. काळ्या कामगार कुटुंबांसाठी सरकारने बांधलेली ही घरं. मिल्टन जेन्किन्स नावाचा एक व्यवस्थापक ‘प्राइम्स’ हा मुलांचा गट चालवत होता. त्याच्या जोडीला मुलींचा गट हवा म्हणून त्याने फ्लॉरेन्सला विचारलं. फ्लॉरेन्सने शाळेतल्या मेरीला ओढलं, मग डायना आणि बेटी मॅग्लोन आल्या. प्राइम्सच्या बहिणी म्हणून नाव पडलं ‘प्राइमेट्स’. (प्राइम्समधले एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स पुढे टेम्प्टेशन्समध्ये गेले. एकाच वसाहतीभोवती दोन मोठ्या गटांची मुळं सापडतात.)

१९६० मध्ये स्मोकी रॉबिन्सन या डायनाच्या जुन्या शेजाऱ्यामार्फत त्या मोटाउनच्या दारात पोचल्या. मालक बेरी गॉर्डीने गाणं ऐकलं आणि आधी शाळा पुरी करा, असं सांगून परत पाठवलं. स्मोकीने मात्र त्यांचा गिटारवाला मार्व्ह टार्प्लिन आपल्या मिरॅकल्स या गटासाठी ठेवून घेतला. मुलींच्या हाती नकार आला, वर साथीदारही गेला. मग ‘लूपाइन’ या छोट्या स्थानिक कंपनीने त्यांची एक तबकडी काढली. तिच्या एका बाजूला डायना पुढे गाते, दुसऱ्या बाजूला मेरी. विकली गेली नाही. पण या गटात पुढे गाणारी एकच असेल हे पहिल्या तबकडीला माहीत नव्हतं, एवढी गोष्ट तिच्यात नोंदली गेली आहे.

शाळा सुटली की मुली वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या मोटाउनच्या घरात जाऊन बसायच्या. घरच ते, मागच्या बाजूच्या छायाचित्रकाराच्या जागेत स्टुडिओ केलेला. कुणाला टाळ्या हव्या असल्या तर टाळ्या द्यायच्या, कुणाच्या मागे कोरस धरायचा. जानेवारी १९६१ मध्ये अखेर करार झाला. गॉर्डीला नाव बदलून हवं होतं. समोर ठेवलेल्या नावांतून फ्लॉरेन्सने ‘सुप्रीम्स’ उचललं, बाकीच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं. तोवर बेटी गेली होती आणि तिच्या जागी बार्बरा मार्टिन आली होती.

मोटाउनकडची पहिली तबकडी ‘आय वाँट अ गाय’, मार्च १९६१. ती लिहिणाऱ्यांत गॉर्डी, ब्रायन हॉलंड आणि फ्रेडी गॉर्मन. गॉर्मन खरोखरीचा पोस्टमन होता, टपाल वाटता वाटता गाणी लिहायचा. त्याच वर्षी मार्व्हलेट्सचं ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ लिहिणाऱ्यांतही तो होता आणि ते देशात पहिलं आलं. सुप्रीम्सच्या वाट्याला मात्र काही आलं नाही. आज ऐकताना कारण कानाला लगेच कळतं. डायनाची पट्टी चढी आहे. ती गळा ताणून, नाकातून गाते, सोळा वर्षांची पोर वरच्या सुरांशी झटते आहे हे लपत नाही. गाण्यातली विनवणी खरी वाटते, पण ऐकणारा तिच्यात विसावत नाही.

दुसऱ्या तबकडीपाशी मला थांबायचं आहे. ‘बटर्ड पॉपकॉर्न’, जुलै १९६१, पुढचा आवाज फ्लॉरेन्सचा. तिच्या आवाजाला इतका जोर होता की तिला मायक्रोफोनपासून दूर उभं करावं लागे, असं सांगतात, आणि ही तबकडी ऐकली की ते पटतं. चर्चमधून आलेला भरदार गळा, शब्दाच्या शेवटाला दिलेली खरखर, ताल ओढून नेण्याची हौस. प्रियकराला लोणी लावलेले पॉपकॉर्न किती आवडतात असं हे गाणं, आणि त्यातला दुसरा अर्थ समजायला फार वेळ लागत नाही. फ्लॉरेन्स तो अर्थ न लाजता, हसत गाते. यात घासूनपुसून काढलेली सुप्रीम्सची छबी कुठेच नाही. तबकडी उलटली की डायना स्मोकीचं ‘हूज लव्हिन यू’ गाते. पुढे १९६९ मध्ये लहानग्या मायकेल जॅक्सनने गाजवलं ते हेच. एकाच तबकडीवर गटापुढच्या दोन वाटा समोरासमोर होत्या. फ्लॉरेन्सची वाट तिथेच संपली: सुप्रीम्सच्या तबकडीच्या पुढच्या बाजूवर तिला पुन्हा एकटीने पुढे गायला मिळालं नाही. ती वाट बंद करण्यात मोटाउनने चूक केली असं मला वाटतं. पुढच्या यशाकडे बोट दाखवून ते मत बदलावं असंही वाटत नाही.

यानंतर कंपनीने या गटावर हात बदलून पाहिले. १९६२ च्या मेमध्ये स्मोकीने परदेशी गेलेल्या शिपायाची वाट पाहणाऱ्या मुलीचं गाणं दिलं. ते यादीत आलं, पण ९५व्या क्रमांकापुढे गेलं नाही. त्याच वर्षी बार्बराने गट सोडला. डिसेंबरात आलेल्या ‘मीट द सुप्रीम्स’ या पहिल्या अल्बममध्ये तिचा आवाज आहे आणि मुखपृष्ठावर तिघीच आहेत. गॉर्डीचं ‘लेट मी गो द राइट वे’ ९०पर्यंत चढलं. क्लॅरन्स पॉलने कंट्री वळणाचं गाणं दिलं, ते पहिल्या शंभरांतही आलं नाही. मोटाउनची पद्धत कठोर असली तरी तिची ही बाजू मोलाची होती: ज्याला गाणं सुचेल त्याने बैठकीत मांडावं, मत पडावं, आणि पडलेल्या गटालाही पुन्हा संधी मिळावी. गल्ल्यावरच नजर असती तर चौथ्या तबकडीनंतर मुली घरी बसल्या असत्या.

१९६३ मधलं स्मोकीचं ‘अ ब्रेथ टेकिंग गाय’ ७५व्या क्रमांकावर थांबलं. या काळातलं माझं सर्वांत आवडतं गाणं हेच. धृपदाची ओळ तिघी आळीपाळीने घेतात. डायनाचा बारीक आवाज, मेरीचा धुरकट, फ्लॉरेन्सचा भरीव, पाठोपाठ तिन्ही कानांवर पडतात आणि तिघींत किती फरक होता ते लख्ख कळतं. तिघींना एका पंगतीत बसवणारी अशी मांडणी पुढे क्वचितच आली. त्याच वर्षाअखेरीस गॉर्डीने पुढचा आवाज म्हणून डायनाला कायम केलं.

त्याच सुमारास ब्रायन आणि एडी हॉलंड हे भाऊ व लॅमाँट डोझियर या त्रिकुटाकडे गट गेला. त्यांचं ‘व्हेन द लव्हलाइट स्टार्ट्स शायनिंग थ्रू हिज आइज’ दणदणीत आहे, मागे फोर टॉप्सचे पुरुषी आवाज ओरडून साथ देतात. ते २३वं आलं. वाटलं, सुटलो. पुढचं ‘रन, रन, रन’ थेट ९३वर घसरलं.

एप्रिल १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली नववी तबकडी, ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’, आदल्या आठांशेजारी ठेवून ऐकावी. डोझियर सांगत असे की गाण्याची साथ मार्व्हलेट्सच्या ग्लॅडिस हॉर्टनच्या खालच्या पट्टीत बांधली होती. मार्व्हलेट्सनी गाणं नाकारलं, आणि तीच पट्टी डायनाच्या गळ्यावर आली. पहिल्या तबकडीत वर ताणलेला आवाज इथे खाली उतरून बोलल्यासारखा गातो, आणि तिथेच तो तिचा होतो. लाकडी फळ्यांवर पाय आपटून ठेका धरला आहे. मेरी आणि फ्लॉरेन्सला गुंतागुंतीच्या कोरसऐवजी जवळजवळ एकच शब्द पुन्हा पुन्हा दिला आहे. गाणं मुलींना आवडलं नव्हतं, आणि फ्लॉरेन्सच्या जागी स्वतःला ठेवून ऐकलं तर का आवडलं नसेल ते समजतं. पट्टी सापडली, पण तीन गळ्यांचा गट एक गळा आणि दोन सावल्या असा झाला. ही घडी बसली आणि लागोपाठ पाच गाणी पहिली आली. १९६७ मध्ये फ्लॉरेन्सला गटातून काढलं. १९७६ मध्ये ती गेली तेव्हा ३२ वर्षांची होती.

जुन्या तबकड्यांतलं बरंच काही मात्र मागच्या दाराने बाजारात आलं. १९६४ च्या उन्हाळ्याअखेरीस निघालेल्या ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ या अल्बममध्ये कंपनीने ‘अ ब्रेथ टेकिंग गाय’, ‘रन, रन, रन’, ‘लव्हलाइट’ आणि त्याच्या मागच्या बाजूचं गाणंही भरलं. अल्बम यादीत दुसरा आला. आधी ज्यांतल्या बहुतेकांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं, ती गाणी आता पैसे मोजून घरी नेली जात होती. त्यांतलं ‘लव्हलाइट’च्या मागच्या बाजूचं गाणं म्हणजे ‘स्टँडिंग ॲट द क्रॉसरोड्स ऑफ लव्ह’. हॉलंड-डोझियर-हॉलंडनी १९६६ मध्ये ते पुन्हा हाती घेतलं, चाल आणि शब्द नव्याने बांधले, ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ लव्ह’ म्हणून फोर टॉप्सना दिलं, आणि ते पहिल्या दहांत गेलं.