पोटात घुसलेलं बक्कल

विमानात बसलो की आपण पट्टा लावतो, 'खट्' वाजलं की परत मोबाईलमध्ये डोकं. आज त्या खट् वाजणाऱ्या बकलाचा इतिहास.

पट्टा विमानात आला तो माणूस बाहेर पडू नये म्हणून. १९१० साली बेंजामिन फुलॉय या अमेरिकन लष्करी वैमानिकाने राइट बंधूंच्या विमानासाठी चक्क खोगीर बनवणाऱ्याकडून चामड्याचा पट्टा करून घेतला. विमान उघडं, एक हादरा बसला की माणूस हवेत! म्हणून तपासायचं एवढंच, पट्टा तुटत नाही ना आणि बक्कल सुटत नाही ना.

मग १९१७. ह्यू डीहेवन हा तरुण अमेरिकन, ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिकाऊ वैमानिक. सरावात दोन विमानं हवेतच आदळली. तो वाचला, पण आतून यकृत, स्वादुपिंड फाटलेलं. लोक म्हणाले, नशीब थोर! (आपल्याकडे दुसरं काय म्हणाले असते?) त्याला मात्र हे पटेना. विचार करता करता त्याच्या लक्षात आलं की पोटातली जखम पट्ट्याच्या बेढब बकलानेच केलीय. म्हणजे बक्कल 'चांगलं' होतं, आणि तरी त्यानेच घात केला.

पुढे त्याने वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधणारं यंत्र काढून पैसा कमावला आणि मग परत याच प्रश्नाकडे वळला. ५० ते १५० फुटांवरून पडूनही जगलेली माणसं त्याने शोधली. ती कशावर पडली, ती वस्तू किती चेपली, सगळं मोजलं. हा अभ्यास १९४२ मध्ये छापून आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कला कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा प्रकल्प सुरू झाला. विमान का पडलं हे शोधणारे पुष्कळ होते. हा विचारायचा, आतला माणूस नेमका कशावर आपटला? म्हणजे बघा, बक्कल तपासायची पद्धतच उलटी झाली. वस्तू टिकली का, यासोबत माणूस टिकला का, हेही बघायचं.

आजही तंत्रज्ञ पट्ट्याची वीण उसवलीय का, बक्कल नीट अडकतं आणि सुटतं का, हे बघतात. पट्टा कुठे बसतो, हे मात्र तुमच्या हातात. तो पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. आणि विमानातलं बक्कल झाकण उचलून सुटतं, गाडीसारखं बटण दाबून नाही. घाबरलेला माणूस नेमकं बटणच शोधत बसतो, म्हणून हवाईसुंदरी दरवेळी ते उघडून दाखवते.