१९६३ च्या ६ गाड्या जॅग्वारने २०१४ मध्ये का बनवल्या?

फेब्रुवारी १९६३. इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॅग्वार कंपनीने रेसिंगसाठी एक खास गाडी बनवायला घेतली, हलक्या वजनाची ई-टाइप. एकूण १८ गाड्या करायच्या ठरल्या आणि तेवढे चेसिस नंबरही राखून ठेवले गेले. पण १९६४ पर्यंत १२ गाड्या झाल्या आणि काम थांबलं. उरलेले ६ नंबर पुढची ५० वर्षं नुसते कागदावर राहिले.

२०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की, त्या ६ गाड्या आता बनवणार. तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये वाद आहे : या गाड्यांना अस्सल म्हणायचं की कंपनीने स्वतःच काढलेली नक्कल?

मुळात साधी ई-टाइप काही दुर्मीळ नव्हती. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली आणि १९७४ पर्यंत ७२ हजारांहून जास्त गाड्या तयार झाल्या. तिचा तो लांबलचक, निमुळता आकार माल्कम सेयर यांचा. ते आधी विमानाच्या कारखान्यात होते आणि गाडीचे वळसे गणित मांडून काढायचे. गाडी रस्त्यावर देखणी आणि वेगवान होती, पण १९६२ मध्ये फेरारीची २५० जीटीओ ट्रॅकवर उतरली आणि तिच्यापुढे ई-टाइप जड पडायला लागली.

मग जॅग्वारने वजनावर घाव घातला. ई-टाइपचा मधला सांगाडा आणि बाहेरचे पत्रे स्टीलचे होते, ते ॲल्युमिनियमचे केले. इंजिनाचा लोखंडी ब्लॉकही ॲल्युमिनियमचा झाला. वजन साधारण ११४ किलोंनी घटलं, म्हणजे गाडीतून दोन माणसं खाली उतरवल्यासारखंच. शर्यतीच्या नियमांत बसावी म्हणून कागदोपत्री मात्र ती ई-टाइपचीच एक आवृत्ती राहिली. यात जॅग्वार एकटी नव्हती; फेरारीनेही जीटीओला आपल्या जुन्या मॉडेलची आवृत्ती म्हणूनच मान्यता मिळवली होती.

एवढं करून फेरारी हरली का? नाही. ग्रॅहॅम हिलसारखा जगज्जेता ड्रायव्हर ही गाडी चालवत होता, छोट्या शर्यतींत ती जिंकलीही. पण १९६३ च्या ल मान्स शर्यतीत उतरलेल्या तीन गाड्यांपैकी एकच शेवटपर्यंत पोचली, तीही नवव्या क्रमांकावर. ऑक्टोबर १९६४ मध्ये पॅरिसजवळच्या माँतलेरी ट्रॅकवर झालेल्या अपघातात जर्मन ड्रायव्हर पीटर लिंडनर याचा मृत्यू झाला. त्याच्या गाडीचा चेंदामेंदा झाला होता. अनेक वर्षांनी कारागिरांनी हजारो तास खर्चून तेच चेमटलेले पत्रे सरळ केले आणि गाडी पुन्हा उभी केली. नवीन पत्रे लावणं कितीतरी सोपं होतं. पण या जगात मूळ पत्र्यालाच किंमत आहे.

आणि २०१४ च्या गाड्यांचा वाद नेमका इथेच आहे. त्यांच्यात १९६३ चा एकही पत्रा नाही, आहे तो फक्त नंबर.

कंपनीने काम मात्र मन लावून केलं. एका जुन्या गाडीचा सांगाडा आतून-बाहेरून स्कॅन केला. हाताने ठोकून बनवलेल्या त्या गाडीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नव्हती. म्हणून एक बाजू प्रमाण धरून आरशातल्या प्रतिमेसारखी दुसरी काढली. म्हणजे नवी गाडी जुनीपेक्षा जास्त नेटकी झाली! आधी ‘कार झिरो’ नावाची चाचणीची गाडी केली, ती ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत पेबल बीचला दाखवली आणि मग ६ गाड्या निवडक संग्राहकांसाठी बनवल्या. किंमत साधारण १० लाख पौंड सांगितली जात होती, म्हणजे तेव्हाचे जवळपास १० कोटी रुपये. एवढे पैसे मोजूनही ही गाडी घेऊन बाजारात भाजी आणायला जाता येत नाही. ती रेसिंगची गाडी म्हणूनच विकली गेली, रस्त्यासाठी नाही.

यात मुंबईचाही संबंध आहे. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार विकत घेतली, त्यामुळे या ६ गाड्या झाल्या त्या टाटांच्या मालकीच्या काळात.

वादावर बाजाराने आपल्यापुरता निकाल दिला आहे. मूळ १२ पैकी एक गाडी, ऑस्ट्रेलियाचा रेसर बॉब जेन याने पळवलेली, जानेवारी २०१७ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ७३.७ लाख डॉलरला गेली. नव्या गाडीच्या किमतीच्या चौपटीहून जास्त.

तरीही जॅग्वार थांबली नाही. १२ फेब्रुवारी १९५७ ला ब्राउन्स लेन कारखान्याच्या आगीमुळे एक्सकेएसएस मॉडेलच्या ९ गाड्या व्हायच्या राहिल्या होत्या. त्या बनवण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. डी-टाइप १०० करायच्या होत्या, झाल्या ७५. उरलेल्या २५ चं काम २०१८ मध्ये हाती घेतलं गेलं.