टँगलवूडची हिरवळ आणि रेडिओ

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात, बर्कशायरच्या डोंगराळ प्रदेशातील लेनॉक्स गावाजवळ टँगलवूड हे स्थळ आहे. उन्हाळ्यात दर शुक्रवारी व शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी तेथे बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मैफली भरतात आणि वाजवणे चालू असतानाच त्या रेडिओवरूनही ऐकवल्या जातात. घरी बसून ऐकणाऱ्याच्या वाट्याला अशा मैफलीची केवळ छाया येते, असे सहज मानले जाते. परंतु वादक नजरेआड असताना त्यांना दुरून ऐकणे ही या स्थळाची मूळचीच रीत असल्यामुळे रेडिओचा श्रोता तेथे उपरा ठरत नाही.

या उपक्रमाचा आरंभ १९३४ च्या ऑगस्टमध्ये झाला, तेव्हा हेन्री हॅडली यांच्या नेतृत्वाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांनी जवळच्याच एका वाडीत, घोड्यांच्या प्रदर्शनासाठी आखलेल्या रिंगणात तीन मैफली सादर केल्या. १९३६ मध्ये बॉस्टनचा वाद्यवृंद आणि त्याचे रशियात जन्मलेले कंडक्टर, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदाच्या लयीचे व भावाचे नियमन करणारे संचालक, सर्ज कूसेवित्स्की तेथे आले आणि मोठ्या तंबूतील त्यांच्या तीन मैफलींना मिळून सुमारे १५,००० श्रोते लोटले. पुढच्याच वर्षी टँगलवूडची मालमत्ता वाद्यवृंदाला देणगीदाखल मिळाली. तथापि १२ ऑगस्ट १९३७ रोजी जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या रचना चालू असताना वादळी पावसाने गाठले, तंबूवर कोसळणाऱ्या सरींच्या आवाजात ‘रिएन्झी’ या त्यांच्या ऑपेराचे आरंभीचे वाद्यसंगीत थांबवावे लागले आणि ‘सीगफ्रीड’ या ऑपेरातील अरण्याचे नाजूक संगीत तर पावसापुढे ऐकूच येणार नाही म्हणून गाळावे लागले. मध्यंतरात महोत्सवाच्या खंद्या कार्यकर्त्या गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनी मंचावर येऊन पक्क्या वास्तूसाठी मदतीचे आवाहन केले आणि श्रोत्यांनी तेथल्या तेथे निधी जमवण्यास सुरुवात केली.

या वास्तूचा आराखडा फिनलंडचे वास्तुकार एलिएल सारिनेन यांनी केला. पण खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी काटछाट करता करता आता केवळ एक शेडच उरेल, असे त्यांनी स्पष्ट कळवले, तेव्हा स्थानिक अभियंता जोसेफ फ्रान्झ यांनी तो आराखडा आणखी सोपा करून काम तडीस नेले. ४ ऑगस्ट १९३८ रोजी बेथोवन यांच्या नवव्या सिंफनीने (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेली, बहुधा चार भागांची दीर्घ कृती) उद्घाटन झालेली ही वास्तू आजही ‘शेड’ याच नावाने ओळखली जाते. पंख्याच्या आकाराच्या छपराखाली सुमारे ५,००० माणसे बसतात आणि बाजू उघड्या असल्यामुळे पलीकडच्या विस्तीर्ण हिरवळीवर चादरी पसरून, शिदोरी सोडून बसलेले हजारो श्रोतेही त्याच मैफलीत सामील होतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना वादक दिसत नाहीत आणि संगीत ध्वनिक्षेपकांच्या साहाय्याने त्यांच्यापर्यंत पोहोचते, म्हणजे ऐकण्याच्या दृष्टीने रेडिओचा श्रोता त्यांचा शेजारीच ठरतो. १९५९ मध्ये मंचावर मधे मधे फटी ठेवून त्रिकोणी फलकांचे छत टांगण्यात आले. फलकांवर आपटलेला नाद श्रोत्यांकडे लवकर वळतो आणि फटींतून वर गेलेला नाद छपराखालच्या पोकळीत घुमत राहतो. भिंती नसल्यामुळे पाखरांचा किलबिलाट आणि ढगांचा गडगडाटही मायक्रोफोनपर्यंत येतात. स्टुडिओतील निर्दोष ध्वनिमुद्रणापेक्षा हा ऐवज अधिक मोलाचा मानला पाहिजे, कारण त्यात संगीताबरोबर त्या दिवसाची हवाही ऐकू येते.

रेडिओशी असलेले हे नाते मात्र निर्वेध नव्हते. बॉस्टनचा वाद्यवृंद देशातील मोठ्या वाद्यवृंदांपैकी एकटाच वादकांच्या राष्ट्रीय संघटनेबाहेर राहिला होता, त्यामुळे जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखालील त्या संघटनेने १९४० च्या सुमारास त्याची रेडिओची वाट रोखली आणि १९४२ च्या अखेरीस वादक संघटनेत सामील झाल्यावरच ती मोकळी झाली. त्याच वर्षी सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच यांच्या सातव्या सिंफनीची स्वरलिपी मायक्रोफिल्मवर उतरवून तेहरान व कैरोमार्गे अमेरिकेत आणण्यात आली होती. १९ जुलै या रविवारी कंडक्टर आर्तुरो तोस्कानिनी यांनी ती एनबीसी कंपनीच्या रेडिओ-वाद्यवृंदाकडून देशभर ऐकवली. ९ ऑगस्टला वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये उपासमारीने खंगलेल्या वादकांनी तीच कृती वाजवली आणि ती शहरभरच्या ध्वनिवर्धकांवरून दुमदुमली. त्यानंतर पाचच दिवसांनी, शुक्रवारी १४ ऑगस्टला, कूसेवित्स्की यांनी टँगलवूडला अमेरिकेतील तिची पहिली जाहीर मैफल केली. युद्धकाळातील पेट्रोलटंचाईमुळे विश्वस्तांनी त्या उन्हाळ्याचा महोत्सव रद्द केला होता, म्हणून १९४० मध्ये सुरू झालेल्या तेथील संगीतशाळेच्या विद्यार्थ्यांनी ती वाजवली. एकाच उन्हाळ्यात एकच रचना रेडिओ, रस्ता आणि हिरवळ अशा तिन्ही ठिकाणी पोहोचल्याचे दुसरे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

६ ऑक्टोबर १९५१ रोजी बॉस्टनमधील डब्ल्यूजीबीएच हे जाहिरातींवर न चालणारे शैक्षणिक रेडिओ केंद्र याच वाद्यवृंदाच्या मैफलीने सुरू झाले आणि पुढे टँगलवूडच्या मैफली ऐकणे हा न्यू इंग्लंडमधील अनेक घरांचा उन्हाळी परिपाठ झाला. वर उल्लेखिलेल्या संगीतशाळेत १९५८ च्या उन्हाळ्यात मुंबईत जन्मलेले कंडक्टर झुबिन मेहता शिकत होते. बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणारे मेहली मेहता हे त्यांचे वडील. त्याच शाळेच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी, अमेरिकन कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९ ऑगस्ट १९९० रोजी याच शेडमध्ये आपली अखेरची मैफल केली. इंटरनेटमुळे टँगलवूडचे रेडिओ-प्रक्षेपण आता महाराष्ट्रातही त्याच क्षणी ऐकता येते: तेथील शुक्रवारी रात्री आठची मैफल येथे शनिवारी पहाटे साडेपाचला आणि रविवारी दुपारी अडीचची मैफल मध्यरात्री सुरू होते. ध्वनिमुद्रण सवडीने ऐकण्याची सोय असतानाही ही अडनिडी वेळ सांभाळण्यात अर्थ आहे, कारण पुढच्या स्वराला काय होणार हे त्या वेळी हिरवळीवरच्या श्रोत्यालाही ठाऊक नसते.