कशेडी, रात्री 10 ते 2

हा प्रसंग रचलेला आहे, त्यातला वायू मात्र खरा. डिसेंबर 2024 मध्ये कशेडी घाटातून जाणाऱ्या याच 66 क्रमांकाच्या महामार्गावर, पार खाली केरळात वडकरा इथे, कडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. कालिकतच्या एनआयटीतल्या तज्ज्ञांनी चाचणी घेतली, तेव्हा जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड तळाच्या भोकातून आत शिरून दोन तासांत 957 पीपीएमवर गेला.

रात्री 10. गणपतीची आदली रात्र. बोगद्याकडे रांग, म्हणून एका कुटुंबाची कॅराव्हॅन जुन्या घाटात घातलेली. तोही तुंबला. पाऊस गळतो म्हणून छपराचा झरोका चिकटपट्टीने बंद, डासांसाठी काचा बंद. मागच्या खणातला जनरेटर सुरू, एसी सुरू. (भाद्रपदात कशेडीला एसी कशाला, हे कोण विचारणार!) छपरावरचा एसी सहसा आतलीच हवा घुसळतो. उघडं आहे ते फक्त वायरीसाठी फरशीला पाडलेलं भोक, नेमकं जनरेटरच्या डोक्यावर.

10.40. काहीच नाही. वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत.

11.15. सूनबाईचं कपाळ ठणकतं, धाकट्याला मळमळतं. सासूबाई म्हणतात, "गाडी लागली असेल गो. आवळासुपारी टाक तोंडात नि पड जरा."

सगळं इथेच फसतं. कशेडीच्या वळणांनी आजवर इतक्यांना गाडी लागलीय, की डोकेदुखी, मळमळ, गरगरणं यांचं दुसरं कारण कुणाला सुचतच नाही. विषबाधेची लक्षणं हुबेहूब तीच. पण गाडी लागली तर ती थांबल्यावर उतार पडतो. इथे थांबून तास उलटला तरी त्रास वाढतोय, आणि एकापाठोपाठ एक सगळ्यांनाच होतोय. दार उघडून बाहेर पावसात उभं राहिलं, तर अजून वेळ आहे.

11.50. हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतं. धाकटा उलटीसाठी उठू पाहतो, पाय उचलत नाहीत. दाराची कडी दोन हातांवर.

12. वडकऱ्याच्या चाचणीतला आकडा.

2. 800 पीपीएमला दोन-तीन तासांत माणूस जातो. इथे तेवढे तास झाले.

दहा वाजता जनरेटर खाली उतरवून गाडीपासून वीस फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे करून ठेवायला हवा होता. पावसामुळे ते जमत नसेल तर तो लावायचाच नाही; एक रात्र घामात काढायची. आणि झोपायच्या जागेजवळ बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवा. झरोका नुसता उघडा ठेवून भागत नाही, कारण खालून धूर येतच राहतो.